गारठ्यात उतरणारा उजेड

शीतयंत्राची बाहेरची आवरणं काढून भिंतीशी उभी करून ठेवली होती आणि आतला सांगाडा लोखंडी चौकटीला टांगलेला होता. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या जाड तबकड्या, एकीखाली एक; खाली जावं तशी प्रत्येक तबकडी वरचीपेक्षा लहान. उतरंड उलटी टांगावी तशी ती रचना. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतली ही खोली. यंत्र बंद होतं म्हणून आत डोकावता येत होतं. ते चालू असतं तेव्हा सगळ्यात खालची तबकडी निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २० मिलिकेल्विन वर, म्हणजे उणे २७३.१३ अंश सेल्सियसवर असते. तारे आणि आकाशगंगा यांच्यामधल्या रित्या अवकाशाचं तापमानसुद्धा २.७ केल्विन भरतं. ही तबकडी त्याच्या शंभराहून अधिक पटींनी थंड.

माझं लक्ष मात्र सोन्यावर ठरेना, ते तारांकडे जात होतं. दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, चकचकीत, ताठ तारा छतापासून तळापर्यंत उतरल्या होत्या. प्रत्येक तबकडीपाशी त्या एका जोडात शिरत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत. दोन तबकड्यांच्या मध्ये प्रत्येक तारेला मुद्दाम एक वळसा दिलेला, कारण थंडीत धातू आकसतो आणि सरळ ताणलेली तार जोडातून उपटून निघते. एक संशोधक विद्यार्थिनी हातमोजे घालून छोट्या टॉर्क-पान्याने ते जोड आवळत होती. "टक् असा आवाज आला की थांबायचं, सर," ती म्हणाली. "कमी आवळला तर थंडीत सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात." एखादा जोड थंडीत सुटला तर यंत्र पुन्हा गरम करायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा थंड करायचं. गरम-थंड करण्याच्या प्रत्येक फेरीत दिवसांमागून दिवस जातात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'जोडणी' हा विषय दिला, तेव्हा मला याच जोडांबद्दल लिहावंसं वाटलं. क्वांटम संगणकाच्या बातम्यांत क्यूबिटची, म्हणजे त्याच्या माहितीच्या एककांची, संख्या ठळक छापली जाते. त्या क्यूबिटपर्यंत निरोप पोचतो कसा आणि त्याचं उत्तर बाहेर येतं कसं, हे बातमीत नसतं. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचं पुढचं भवितव्य त्या निरोपाच्या वाटेवर ठरणार आहे. ती वाट आता धातूची न ठेवता काचेची करावी, तारेऐवजी फायबरमधून उजेड सोडावा, असा एक प्रयत्न जगातल्या काही मोजक्या प्रयोगशाळांत चालला आहे.

तारांचं ओझं

अतिसंवाहक क्यूबिट म्हणजे सिलिकॉन किंवा नीलमण्याच्या चकतीवर ॲल्युमिनियमसारख्या धातूने काढलेला एक विद्युत परिपथ. अणूला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात तशा या हाताने घडवलेल्या परिपथालाही असतात. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला हे प्रयोगाने दाखवलं आणि त्याबद्दल २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आजच्या क्यूबिटमध्ये खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला साधारण ५ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह लागतो. ही ऊर्जा फार थोडी. तापमानाच्या भाषेत ती सुमारे ०.२४ केल्विन होते. भोवतालची ऊब याच्या आसपास असली तरी क्यूबिट आपोआप पायऱ्या चढू-उतरू लागतो आणि त्यात साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून हा सारा गारठा.

खोलीच्या तापमानाला असलेल्या तारेत ५ गिगाहर्ट्झच्या आसपास उष्णतेपोटी सरासरी साडेबाराशे फोटॉन घोंगावत असतात. क्यूबिटला एक फोटॉनसुद्धा फार. त्यामुळे बाहेरून येणारी तार थेट क्यूबिटला जोडता येत नाही. वाटेत क्षीणक बसवावे लागतात. ४ केल्विनच्या तबकडीवर एक, मधल्या तबकड्यांवर आणखी, शेवटी तळाशी एक. सगळे मिळून ६० डेसिबल, म्हणजे वरून सोडलेल्या संदेशातला दहा लाखांतला एक भाग खाली पोचतो. बाकीचं सगळं या क्षीणकांत जिरतं आणि त्याची उष्णता होते. घोंगाट मारायचा म्हणून संदेशही मारावा लागतो, आणि संदेश पोचावा म्हणून वरून तो दहा लाख पट मोठा करून सोडावा लागतो.

उष्णता बाहेर काढण्याची यंत्राची ताकद तर बघा. भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर दहा किलोवॅटच्या घरात वीज खातो. तिच्या बदल्यात ४ केल्विनच्या तबकडीवरून दीड-दोन वॅट उष्णता उपसली जाते. आणि तळाशी, २० मिलिकेल्विनला, जी उपसता येते ती २० ते ३० मायक्रोवॅट. वॅटचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोवॅट. हेलियम-३ आणि हेलियम-४ या दोन भावंडांचं मिश्रण फिरवून ही थंडी मिळते. हाइन्झ लंडन यांनी १९५१ मध्ये ती कल्पना मांडली आणि साठच्या दशकात हॉलंडमधल्या लायडनला ती प्रत्यक्षात आली. त्याच लायडनमध्ये हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला होता आणि १९११ मध्ये पाऱ्याची अतिसंवाहकता पाहिली होती.

एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर सगळा संसार चालवायचा. प्रत्येक धातूची तार वरची ऊब थोडी थोडी खाली आणते. म्हणून तारा तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या घेतात. विजेसाठी त्या वाईट, पण उष्णताही कमी वाहतात. एका क्यूबिटला अशा दोन-तीन तारा लागतात. सहा क्यूबिट असले तर काही अडत नाही. शंभर असले तरी हुशारीने भागतं. आयबीएमने २०२३ च्या डिसेंबरात ११२१ क्यूबिटची 'कॉन्डॉर' चिप जाहीर केली. एका शीतयंत्रात तिच्यासाठी एक मैलाहून जास्त लांबीच्या चपट्या लवचीक तारा भराव्या लागल्या. चुका स्वतःच्या स्वतः दुरुस्त करणारा, खऱ्या उपयोगाचा क्वांटम संगणक करायचा तर क्यूबिट लाखांत लागतील असं या क्षेत्रातले लोक धरून चालतात. इतक्या तारा आजच्या कुठल्याही शीतयंत्राच्या तोंडातून आत जाणार नाहीत. गेल्याच तर तळाशी थंडी उरणार नाही.

सोसायटीच्या जिन्यात

काचेबद्दल लिहायचं तर काच हातात घेतलेला माणूस बघावा, म्हणून आमच्या सोसायटीत इंटरनेटची तुटलेली जोडणी सांधायला आलेल्या मुलाशेजारी मी जिन्यात बसलो. त्याने काळ्या केबलमधून एक रंगीत धागा बाहेर काढला, चिमट्यासारख्या हत्याराने त्याच्यावरचं प्लास्टिक एका ओढीत सोलून टाकलं आणि उघडी काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. मग एका छोट्या डबीत धागा ठेवून झाकण दाबलं. काचेचं टोक काटकोनात तुटलं. दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली, तेव्हा पडद्यावर ती जाड खांबांसारखी दिसू लागली. यंत्राने ती स्वतःच वर-खाली सरकवून एका रेषेत आणली, एक ठिणगी पडली आणि खांब एकमेकांत विरघळले. पडद्यावर आकडा आला: ०.०२ डेसिबल. म्हणजे या सांध्यातून जाताना अर्धा टक्काही उजेड वाया जाणार नाही.

उरलेला धागा मी बोटाभोवती गुंडाळून पाहू लागलो तर तो म्हणाला, "काका, एवढा वाकवू नका. उजेड सांडतो."

त्याच्या हातातल्या धाग्याची काच १२५ मायक्रॉन जाडीची. त्यातही उजेड जातो तो मधल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. शुद्ध सिलिकाची जाड कांडी भट्टीत २००० अंशांच्या आसपास तापवून तिचा असा धागा ओढतात. महाराष्ट्राला हे काम नवं नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ही काच घडते आणि वाळूजला तिचा धागा ओढला जातो. एक किलोमीटर जाऊनही या धाग्यातला प्रकाश जेमतेम साडेचार टक्के कमी होतो.

शीतयंत्राच्या दृष्टीने तीन गोष्टी मोलाच्या. काच उष्णतेची वाईट वाहक आहे आणि धागा अगदी बारीक, त्यामुळे फायबरवाटे खाली येणारी ऊब स्टीलच्या तारेच्या मानाने हजारो पटींनी कमी. दुसरं, एकाच धाग्यातून निरनिराळ्या तरंगलांबीचे अनेक संदेश एकमेकांत न मिसळता जाऊ शकतात. आपल्या घरच्या जोडणीतही १४९० नॅनोमीटरचा उजेड येतो आणि १३१० चा जातो, एकाच काचेतून, एकाच वेळी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता सुमारे १९३ टेराहर्ट्झ. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर ९३०० केल्विन होते, सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त. आपली ३०० केल्विनची खोली असे फोटॉन जवळजवळ निर्माणच करू शकत नाही. मायक्रोवेव्हच्या तारेत साडेबाराशे फोटॉनांचा घोंगाट असतो, तर या पट्ट्यात खोलीच्या तापमानालाही शांतताच असते. म्हणजे मारायला घोंगाटच नाही. क्षीणक नकोत, दहा लाख पट मोठा संदेश नको. स्वच्छ संदेश वरून निघतो आणि स्वच्छच खाली येतो.

बोल्डरमध्ये काय झालं

मग अडलं कुठे? क्यूबिटला उजेड कळत नाही. त्याला ५ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह कळतो. खाली पोचलेल्या प्रकाशाचा कुणीतरी मायक्रोवेव्ह करून द्यायला हवा, आणि तेही २० मिलिकेल्विनच्या तबकडीवर बसून.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरला निस्ट ही मापनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे दोन प्रकारची माणसं एका आवारात काम करतात. एका बाजूला प्रकाशाच्या अतिअचूक लहरींपासून अत्यंत स्वच्छ मायक्रोवेव्ह मिळवणारे लोक, फ्रँकलिन क्विनलन आणि स्कॉट डिडम्स यांच्यासारखे. दुसऱ्या बाजूला अतिसंवाहक परिपथ करणारे, जॉन टॉयफेल, होझे औमेन्टाडो, फ्लोरेंट लेकॉक यांच्यासारखे. पहिल्यांच्या हाताशी वेगवान फोटोडायोड होते. दुसऱ्यांना तारांची अडचण रोज भेडसावत होती. दोघांनी मिळून केलेला प्रयोग मार्च २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला, पहिलं नाव लेकॉक यांचं.

मांडणी ऐकायला साधी आहे. खोलीच्या तापमानाला एक लेसर. त्याच्यासमोर मॉड्युलेटर, जो प्रकाशाची तीव्रता सेकंदाला कोट्यवधी वेळा, क्यूबिटला हव्या त्या लयीत कमी-जास्त करतो. हा थरथरता उजेड फायबरमधून सगळ्या तबकड्या ओलांडून तळाशी जातो आणि इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोडायोडवर पडतो. उजेड वाढला की डायोडमधला प्रवाह वाढतो, कमी झाला की कमी होतो. प्रकाशात जी लय होती ती आता प्रवाहात आली. हाच मायक्रोवेव्ह. एका आखूड तारेने तो क्यूबिटकडे जातो.

खोलीत बिनबोभाट चालणारा डायोड थंडीत मात्र बदलतो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडची प्रकाश शोषण्याची मर्यादा खोलीत १६५० नॅनोमीटरच्या आसपास असते. थंडीत ती सरकत १५२० च्या जवळ येते. दूरसंचारात सर्रास वापरला जाणारा १५५० चा उजेड मग त्या डायोडला दिसेनासा होतो. लेसर त्याहून आखूड तरंगलांबीचा निवडावा लागतो. अशा बारीकसारीक गोष्टींनी हे काम भरलेलं आहे, आणि एखादी नजरेतून सुटली तर सगळं मुसळ केरात.

त्यांनी एक क्यूबिट घेतला. तोच क्यूबिट नेहमीच्या तारेने चालवून पाहिला आणि मग या काचेच्या वाटेने. निस्टने दिलेला आकडा आहे ९८ टक्के: क्यूबिटची स्थिती काचेच्या वाटेनेही तितक्याच अचूकपणे घडवता आणि वाचता आली जितक्या तारेने येते. डायोडच्या प्रवाहात राहिलेला गोंगाट निसर्गाने घालून दिलेल्या किमान मर्यादेइतकाच होता. प्रकाश फोटॉनांच्या सुट्या कणांनी येतो, त्यांच्या येण्याच्या वेळा पुढे-मागे होतात, तेवढी थरथर टाळता येतच नाही. त्याखेरीज जास्तीचं काही आढळलं नाही. दहा लाख क्यूबिटच्या संगणकाकडे जाणारी ही एक वाट आहे, असा दावा त्यांनी निबंधात केला. तो मला अवाजवी वाटत नाही. मात्र वाट दिसली आहे, चालून झालेली नाही.

मायक्रोवॅटचा हिशेब

फायबर उष्णता आणत नाही हे खरं, पण फायबरमधून येणारा उजेड स्वतःच ऊर्जा आहे. डायोडवर एक मायक्रोवॅट प्रकाश पडला की जवळजवळ तेवढीच उष्णता तळाच्या तबकडीवर जमा झाली. शीतयंत्र तिथे वीसेक मायक्रोवॅट उपसतं. प्रत्येक क्यूबिटमागे एक मायक्रोवॅट उजेड अखंड पाजळत ठेवला तर वीस क्यूबिटांतच दिवाळं निघेल. तारा परवडल्या असं म्हणायची पाळी येईल.

सुटका वेळेत आहे. क्यूबिटवर एक क्रिया करायला काही दहा नॅनोसेकंद पुरतात. तेवढ्याच वेळापुरता उजेड सोडायचा आणि लगेच विझवायचा. काळाच्या हजार भागांतल्या एकाच भागात दिवा लागला तर सरासरी उष्णताही हजारपट कमी. म्हणजे या तंत्राचं यश डायोडइतकंच दिवा पुरता विझवता येण्यावर अवलंबून आहे. संगणकात चुका दुरुस्त करण्याचं चक्र अखंड चालतं, तेव्हा कुठल्या क्यूबिटला किती वेळ उजेड लागेल याचा हिशेब आज कागदावर मांडता येतो. हजारो क्यूबिटांवर तो प्रत्यक्ष करून पाहणं अजून बाकी आहे.

दुसरा धोका सांडलेल्या उजेडाचा. जिन्यातल्या त्या मुलाचे शब्द इथे फार गंभीर होतात. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, त्यांना कूपर-जोड्या म्हणतात. ॲल्युमिनियममधली अशी एक जोडी फोडायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या दोन हजार पटींहून जास्त ऊर्जा या प्रकाशाच्या एकेका फोटॉनमध्ये असते. एखादा फोटॉन डायोडवरून परावर्तित होऊन क्यूबिटच्या चिपवर पोचला तर जोड्या धडाधड तुटतात आणि क्यूबिटचं आयुष्य घटतं. म्हणून डायोड एका डबीत, क्यूबिट दुसऱ्या डबीत, दोघांच्या मध्ये प्रकाशाला अजिबात फट नको. प्रकाश आणि अतिसंवाहक यांचं हे वैर जुनं आहे, आणि त्याचा फायदाही लोकांनी घेतला आहे. नायोबियम नायट्राइडच्या अतिसंवाहक सूक्ष्मतारेवर एक फोटॉन पडला की तिची अतिसंवाहकता क्षणभर जाते आणि विजेचा ठोका मिळतो. एकेक फोटॉन मोजणारे शोधक २००१ पासून असे तयार होत आले आहेत, आणि त्यांच्यापर्यंत उजेड फायबरनेच नेतात.

परतीची वाट

निरोप आत नेण्याचं जमलं. उत्तर बाहेर आणणं त्याहून कितीतरी अवघड आहे.

क्यूबिट वाचायचा म्हणजे त्याच्या शेजारच्या अनुनादकावर अगदी क्षीण मायक्रोवेव्ह पाठवायचा आणि परत आलेला प्रतिसाद पाहायचा. हा प्रतिसाद मायक्रोव्होल्टच्याही खाली असतो. आज तो आधी तळाशी एका अतिसंवाहक प्रवर्धकातून आणि मग ४ केल्विनच्या ट्रान्झिस्टर-प्रवर्धकातून मोठा करत बाहेर काढतात. ४ केल्विनचा प्रत्येक प्रवर्धक काही मिलिवॅट खातो. उपसायची ताकद दीड-दोन वॅट. पुन्हा तोच हिशेब: काहीशे प्रवर्धक लावा की तबकडी गरम. बोल्डरच्या प्रयोगातही उत्तर नेहमीच्या प्रवर्धकांतून, तारेनेच बाहेर आलं होतं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तोबियास किपनबर्ग यांच्या गटाने २०२१ मध्येच उलट दिशा धरली. दूरसंचारासाठी बाजारात मिळणारा लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर त्यांनी शीतयंत्रातच नेऊन बसवला आणि अतिसंवाहक परिपथातला मायक्रोवेव्ह प्रकाशावर चढवून फायबरने बाहेर काढला. लिथियम नायोबेट हा असा स्फटिक की त्याला व्होल्टेज दिलं की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची गती किंचित बदलते. थंडीतही तो गुण टिकतो हे दिसलं. पण अशा मॉड्युलेटरला पुरता परिणाम दाखवायला काही व्होल्ट लागतात, आणि क्यूबिटकडे मायक्रोव्होल्टही नाही. ही दरी भरून काढणं हेच आजचं मुख्य काम.

व्हिएन्नाशेजारच्या क्लॉस्टरनॉयबुर्गला, इस्टा या संस्थेत, योहानेस फिंक यांच्या गटाने ती दरी अनुनादाने भरून काढली. लिथियम नायोबेटची छोटी चकती. तिच्या कडेकडेने उजेड पुन्हा पुन्हा फिरत राहतो. ती चकती धातूच्या पोकळीत ठेवलेली. त्या पोकळीत मायक्रोवेव्ह घुमत राहतो. दोघांना एकमेकांच्या सहवासात इतका वेळ मिळतो की क्षीण मायक्रोवेव्हचाही ठसा प्रकाशावर उमटतो. ऋषभ साहू यांचं पहिलं नाव असलेला या गटाचा निबंध २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांची क्वांटम गुंतागुंत (एन्टँगलमेंट) त्यात दाखवली होती. दोघांच्या वारंवारतेत वीस हजार पटींहून जास्त अंतर असूनही. २०२५ मध्ये याच गटाने अतिसंवाहक क्यूबिट पूर्णपणे प्रकाशाने वाचून दाखवला. आत जाणारा संदेश प्रकाशाचा, बाहेर येणाराही प्रकाशाचा. थंड प्रवर्धक नाहीत, वाटेत क्षीणक नाहीत.

हे करायला चकतीत जोरदार लेसर सोडावा लागतो आणि तो आजूबाजूला तापवतो. म्हणून तो ठोक्याठोक्याने सोडतात, मध्ये गार व्हायला वेळ देतात. इथे मला पुन्हा तेच दिसतं. या सगळ्या क्षेत्रात भौतिकशास्त्राचा नवा नियम कुणाला शोधायचा नाही. नियम ठाऊक आहेत. झगडा मायक्रोवॅटचा, मायक्रॉनचा आणि डिंकाचा आहे. फायबरचं टोक चिपवर अचूक जागी चिकटवावं लागतं. खोलीत केलेली जुळणी थंडीत सरकते, कारण काच, डिंक, सिलिकॉन आणि तांबं प्रत्येकी वेगळ्या प्रमाणात आकसतात. फायबरवरचं प्लास्टिक थंडीत कडक होऊन काचेला आवळतं आणि सूक्ष्म बाक पाडतं. हे सारं बंद यंत्राच्या आत होतं. हात घालून सरळ करता येत नाही.

चौदा हजार स्क्रू

एकाच यंत्राच्या आतल्या वाटेबद्दल झालं. एका शीतयंत्रातला क्यूबिट दुसऱ्या शीतयंत्रातल्या क्यूबिटशी जोडायचा तर?

झुरिकच्या ईटीएचमध्ये आंद्रेआस वालराफ यांच्या गटाने हे मायक्रोवेव्हनेच केलं. दोन शीतयंत्रं ३० मीटर अंतरावर ठेवली आणि मधली सगळी नळी निरपेक्ष शून्याजवळ थंड केली, कारण ऊबदार नळीतून एकटा मायक्रोवेव्ह-फोटॉन जगून जाऊच शकत नाही. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी त्या जोडणीवर बेलच्या असमानतेची, म्हणजे दोन टोकं खरोखर क्वांटम रीतीने गुंतली आहेत का हे तपासणारी, चाचणी यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. अंतर ३० मीटर का, तर एका टोकाचं मोजमाप पुरं होईपर्यंत प्रकाशाच्या वेगाने निघालेलं काहीही दुसऱ्या टोकाला पोचू नये म्हणून. त्या सामग्रीत १.३ टन तांबं आणि १४,००० स्क्रू आहेत. माणसाच्या चिकाटीबद्दल मनात आदर दाटून यावा असं ते काम आहे. पण तीस मीटरला चौदा हजार स्क्रू लागले तर तीस किलोमीटरचा विचारच सोडावा लागतो.

तिथे काच लागते. खोलीच्या तापमानाला, रस्त्याकडेच्या चरातून जाणारी साधी फायबर. त्यासाठी क्यूबिटमधला एक मायक्रोवेव्ह-फोटॉन त्याचं क्वांटमपण न हरवता एका प्रकाश-फोटॉनमध्ये बदलायला हवा आणि पलीकडे पुन्हा उलटा. क्यूबिट वाचताना थोडा गोंगाट मिसळला तरी उत्तर कळतं. इथे तो मिसळला तर सगळं वाया. कॅलटेकमध्ये ऑस्कर पेंटर यांच्या गटाने २०२० मध्ये क्यूबिटपासून प्रकाश-फोटॉनपर्यंतचं असं रूपांतर दाखवलं, तेही सूक्ष्म यांत्रिक कंपनांना मध्यस्थ करून. बोल्डरच्याच जिला संस्थेत थरथरणाऱ्या पातळ पडद्याचा उपयोग केला जातो. कुणाचं रूपांतर जास्त कार्यक्षम पण गोंगाटी, कुणाचं शांत पण फार थोड्या वेळा यशस्वी. दोन्ही गुण एका यंत्रात आणि खऱ्या उपयोगाला पुरतील इतके, ही मजल अजून मारायची आहे.

सहा क्यूबिटांनंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की पुण्यातल्या डीआरडीओच्या युवा वैज्ञानिक प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टीआयएफआरने सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पुरी केली. क्यूबिट कुलाब्याला टीआयएफआरमध्ये घडले, नियंत्रणाची सामग्री पुण्याच्या गटाने जुळवली आणि क्लाउडवरून वापरण्याची सोय टीसीएसने केली. मुंबई-पुण्यात झालेलं हे काम मराठी वर्तमानपत्रांत जेवढं गाजायला हवं होतं तेवढं गाजलं नाही, याची मला खंत आहे.

सहा क्यूबिटांना तारा पुरतात. पण एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनने आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचं उद्दिष्ट ठेवलं आहे. हजाराच्या आसपास गेलं की तारांचा प्रश्न दारात उभा राहतो. जगभरच्या प्रयोगशाळांपुढे तो उभा आहेच. काहीजण चपट्या लवचीक तारा करतात, इंटेलसारख्या कंपन्या नियंत्रणाच्या चिपच ४ केल्विनच्या तबकडीवर नेऊन बसवतात, काहीजण उजेडाच्या मागे आहेत. यातलं एकच जिंकेल असं मला वाटत नाही. निरोप आत नेण्याचं काम उजेडाने आधी उचलावं आणि बाहेर आणण्याचं काम प्रवर्धकांकडे अजून काही वर्षं राहावं, असा मिश्र संसार जास्त शक्य दिसतो.

आपल्याकडे ज्या गोष्टी आहेत त्यांची या हिशेबात अजून कुणी नीट मांडणी केलेली नाही. फायबर ओढणारे कारखाने इथे आहेत. तालुक्यातालुक्यात काच सांधणारे कुशल हात आहेत. आयआयटी मुंबईला मिशनचं संवेदन आणि मापनाचं केंद्र आहे, पुण्याला आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं दुसरं केंद्र आहे. फायबरचं टोक आणि चिप यांचा जोड थंडीत टिकवायची विद्या शिकायला सुरुवातीला क्यूबिट लागत नाही, मोठं शीतयंत्रही लागत नाही. द्रव नायट्रोजनचं भांडं लागतं, ७७ केल्विनचं. निरनिराळे डिंक घ्यायचे, निरनिराळ्या आवरणांची फायबर घ्यायची, प्रत्येक जोड बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, आणि दर वेळी किती उजेड सांडला ते लिहून ठेवायचं. जे नमुने टिकतील ते ४ केल्विनला न्यायचे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एखादा गट हे प्रकल्प म्हणून करू शकेल. त्यांच्या वहीतले आकडे कुलाब्यालाही हवे आहेत आणि पुण्यालाही.